बंद बल्बांतून बारा व्होल्टचा दिवा : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४ : माल आणि हेतू

बेळगावच्या खडेबाजारातील एका परिचित विद्युत दुकानदारांकडून बंद पडलेल्या बल्बांची गोणी आज अनगोळला घरी आणली. "वॉरंटीतले कंपनीला परत जातात, तेवढे सोडून बाकीचे घेऊन जावा की ओ, मला ठेवायलाच जागा नाही," असे ते म्हणाले. बदलून देण्याच्या मुदतीतील बल्बांचा हिशेब दुकानदाराला द्यावा लागत असल्यामुळे तसे बल्ब उघडून ठेवणे योग्य नाही. म्हणून टोपीवरील तारीख पाहून ते तेथेच वेगळे काढले.

या कामाचा हेतू ठरलेला आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला मामांचे शेतघर आहे. त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस मुसळधार असतो, तारा जंगलातून जातात, आणि एखादी फांदी तारेवर पडली तर वीज कधी परत येईल याचा नेम नसतो. मामांकडे फवारणीचा चार्जिंगचा पंप आहे आणि त्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. धो धो पावसात फवारणी होत नाही, त्यामुळे ती बॅटरी नेमकी दिव्याची गरज असते तेव्हाच बिनकामाची पडून असते. तिच्यावर चालणारा दिवा शक्य तितका जुन्या बल्बांच्या भागांतूनच तयार करायचा, आणि त्या निमित्ताने कोणता भाग पुन्हा वापरण्याजोगा असतो व कोणता नसतो हे मोजून पाहायचे, असे ठरवले आहे.

विहीर खणताना मातीचे थर लागावेत तसे या गोणीत दिव्यांचे थर लागले. तळाशी काही तारेचे पिवळे बल्ब होते, त्यावर वळवलेल्या काचनळीचे सीएफएल आणि सर्वांत वर एलईडी. देशात सीएफएलचा प्रसार वाढवण्यासाठी २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली. पुढे ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली, ती कर्नाटकात 'होस बेळकु' या नावाने पोहोचली, आणि तिच्यासाठी घाऊक खरेदी होऊ लागल्यावर एलईडी बल्बाचा खरेदी दर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. बल्ब इतका स्वस्त झाल्यावर तो दुरुस्त करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. आज आलेला बहुतेक माल त्या स्वस्ताईचाच आहे.

तारेच्या बल्बांपैकी १०० वॅटचा एक चालू निघाला. तो सिरीज दिवा म्हणून ठेवला आहे. चाचणीच्या वस्तूच्या मालिकेत हा बल्ब जोडला, की वस्तू आतून शॉर्ट असली तरी घरचा फ्यूज उडत नाही. फक्त बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि दोष समजतो.

२२ जून २०२४ : एलईडी बल्ब उघडणे

वरचे पांढरे झाकण बहुधा चिकटवलेले असते. सांध्यात पातळ सुरी घालून गोल फिरवल्यास ते न फुटता निघते. आत ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर पिवळे चौकोनी एलईडी आणि खाली नळीत ड्रायव्हरची, म्हणजे मुख्य विजेवरून एलईडींना योग्य प्रवाह देणाऱ्या सर्किटची, छोटी पट्टी असते.

कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी कंडेन्सर रिकामा करण्याचा नियम येथे काटेकोरपणे पाळला आहे. आपल्या २३० व्होल्टचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि रेक्टिफायरनंतरचा (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांनंतरचा) कंडेन्सर तेवढ्यापर्यंत भरतो. ४.७ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर या दाबावर जेमतेम पाव ज्यूल ऊर्जा साठवतो. ती जीव घेण्याइतकी नसली तरी हात झटकला जाऊन सुरी दुसऱ्या हातात घुसवण्याइतकी नक्कीच असते. पेचकसाने दोन्ही टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत बाजारात सर्रास दिसते. तिच्याऐवजी १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना क्षणभर टेकवावा आणि मग मीटरने शून्य पाहावे. यात वेळ जात नाही आणि कंडेन्सरही खराब होत नाही.

आता मुख्य मुद्दा. बल्ब उघडल्यावर लगेच भाग सोडवायला बसू नये. आधी बल्ब कशामुळे गेला ते ठरवावे. बहुसंख्य बल्बांमध्ये चकतीवरील सर्व एलईडी एकाच मालिकेत असतात, त्यामुळे त्यांपैकी एक तुटला तरी सगळा बल्ब अंधारतो. अशा एलईडीच्या पिवळ्या पृष्ठावर बारीक काळा ठिपका दिसतो. असा ठिपका दिसला तर ड्रायव्हर चांगला असण्याची शक्यता मोठी. ठिपका कोठेच नसेल तर बहुधा ड्रायव्हर गेलेला असतो आणि एलईडी चांगले असतात. म्हणजे ज्या बल्बाचा ड्रायव्हर गेला त्याचे एलईडी घ्यायचे, आणि ज्याचे एलईडी गेले त्याच्या ड्रायव्हरचे भाग घ्यायचे. जळालेल्या एलईडीच्या शेजाऱ्यांनीही तेवढीच उष्णता सोसलेली असते, म्हणून ते आज पेटत असले तरी दिव्यासाठी घेतलेले नाहीत.

एलईडी तपासायला मल्टीमीटरचा डायोडचा काटा पुरत नाही. या बल्बांतील २८३५ मापाच्या एका चौकोनात पुष्कळदा दोन किंवा तीन चिप मालिकेत बसवलेल्या असतात, त्यामुळे त्याला ३ नव्हे तर ६ किंवा ९ व्होल्ट लागतात आणि मीटर तेवढा दाब देत नाही. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी आणि मालिकेत १ किलोओहम अशी दोन टोचण्या असलेली तपासणी केली. ९ व्होल्टच्या एलईडीतून तिने साडेतीन मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, ३ व्होल्टच्या एलईडीतून नऊच्या आसपास. कोणताच जळत नाही आणि दोन्ही पेटतात. नंतर त्याच जागी १० किलोओहम घालून पुन्हा पाहिले. एवढ्या क्षीण प्रवाहावर आतून गळती असलेला एलईडी इतरांपेक्षा स्पष्टपणे मंद दिसतो किंवा पेटतच नाही, जरी जास्त प्रवाहावर तो चारचौघांसारखा दिसत असला तरी. ही दुसरी तपासणी बहुतेक लोक करत नाहीत. माझ्या मते तीच खरी.

जळालेल्या एलईडीच्या दोन टोकांवर सोल्डरचा पूल टाकून बल्ब पुन्हा चालू करण्याची युक्ती आपल्याकडे गल्लोगल्ली चालते. स्थिर प्रवाहाचा, कॉइल असलेला ड्रायव्हर असेल तर एक एलईडी कमी झालेला त्याला सहसा चालतो. चकतीवरच आयसी असलेल्या, कॉइल नसलेल्या बल्बात मात्र उरलेला दाब आयसीवर पडतो, ती अधिक तापते आणि दुरुस्ती टिकत नाही.

ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट ठळकपणे नोंदवून ठेवतो. यात ट्रान्सफॉर्मरने केलेले विलगीकरण नसते. बाहेर पडणारा दाब मीटरवर कमी दिसला तरी त्या तारांचा मुख्य विजेशी थेट संबंध असतो, म्हणून हा ड्रायव्हर छोट्या प्रकल्पाचा वीजपुरवठा म्हणून कधीही वापरू नये. तो सोडवून त्याचे भाग घ्यावेत, एवढाच त्याचा उपयोग.

३० जून २०२४ : सीएफएल

सीएफएलच्या काचेच्या नळीत पारा असतो. घरगुती दिव्यात तो काही मिलिग्रॅमच असला तरी नळी फुटल्यास त्याची वाफ खोलीत पसरते. त्यामुळे हे काम अंगणात, पावसाची उघडीप पाहून केले. नळीला पकड न लावता फक्त प्लास्टिकची वाटी धरायची आणि तिच्या सांध्यावर हॅकसॉचे पाते हलकेच फिरवायचे. नळी फुटलीच तर खोलीबाहेर पडून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, तुकडे जाड कागदाने गोळा करून ओल्या कागदाने जागा पुसावी आणि सगळे बंद बरणीत भरावे. पारायुक्त दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांत समाविष्ट झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या नियमांतही आहेत. म्हणून सोडवलेल्या अखंड नळ्या खोक्यात उभ्या ठेवल्या असून त्या अधिकृत संकलकाकडेच जातील, भंगारवाल्याकडे नाहीत.

येथेही आधी मृत्यूचे कारण पाहिले. नळीच्या प्रत्येक टोकाला दोन तारा येतात आणि त्यांच्यामध्ये काही ओहमचा फिलामेंट असतो. टोके काळवंडलेली असून मीटर फिलामेंट तुटलेला दाखवत असेल तर नळी संपली आणि वाटीतली सर्किटची पट्टी बहुधा शाबूत आहे. फिलामेंट ठीक असतील तर दोष पट्टीत. तेव्हा प्रवेशाजवळचा फ्यूज-रेझिस्टर आणि दोन्ही ट्रान्झिस्टर सर्वप्रथम संशयित. सहसा तिघेही एकदमच गेलेले असतात.

शाबूत पट्टीतून जे मिळते त्याचे मला अजूनही अप्रूप वाटते. चार १एन४००७ डायोड, ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, दोन एमजेई १३००३ किंवा त्याच कुळातील लहान ट्रान्झिस्टर, डीबी३ डायॅक, तीन वेटोळी असलेली फेराइटची कडी, ई आकाराच्या फेराइटवरचा चोक आणि नळीला समांतर असलेला हजार-बाराशे व्होल्टचा फिल्म कंडेन्सर. शेवटचा भाग सुटा घ्यायला गेल्यास बेळगावच्या दुकानांत सहज मिळत नाही आणि जुन्या पट्टीतला मात्र बहुतेक वेळा निर्दोष असतो, कारण फिल्म कंडेन्सरमध्ये वाळून जाण्यासारखे द्रव काही नसते.

७ जुलै २०२४ : मोजमाप

सोडवलेला प्रत्येक भाग मोजूनच डबीत गेला. त्यासाठी एटीमेगा ३२८ या चिपवर आधारलेला छोटा कंपोनंट टेस्टर वापरला; त्यात भरलेला कंडेन्सर घातल्यास टेस्टरच मरतो, त्यामुळे रिकामा करण्याचा नियम येथेही लागू.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हा या सगळ्यांतील सर्वांत कमी भरवशाचा भाग ठरला आणि ते अपेक्षितच होते. बंद नळीत, तापणाऱ्या चकतीच्या पाठीशी त्याचे आयुष्य जाते. आणि तापमान दर १० अंशांनी कमी केले तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते या ठोकताळ्याची दुसरी बाजू म्हणजे वाढत्या उष्णतेत ते तितक्याच वेगाने घटते. छापील मूल्यापेक्षा क्षमता २० टक्क्यांहून अधिक घसरलेले, डोके फुगलेले आणि अंतर्गत रोध वाढलेले सर्व कंडेन्सर बाजूला टाकले. उरलेलेही मुख्य विजेच्या कामाला घेणार नाही. टेस्टर काही व्होल्टवरच मोजतो, ४०० व्होल्टवरील गळती त्याला दिसत नाही, म्हणून ते कमी दाबाच्या प्रयोगांपुरते ठेवले आहेत.

१३००३ च्या बाबतीत पायांचा क्रम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच आकाराच्या आणि एकाच क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये बेस एका उत्पादकाने एका टोकाला तर दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला ठेवलेला आढळतो. कलेक्टर-एमिटरमध्ये ४०० व्होल्ट सहन करणारा हा ट्रान्झिस्टर चांगला खरा, पण त्याचे प्रवाहवर्धन फार थोडे आहे. बारा व्होल्टच्या साध्या स्विचसाठी किंवा लहान ॲम्प्लिफायरसाठी काही रुपयांचा नवा बीसी ५४७ त्याच्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो, हे मान्य केलेले बरे. फुकट मिळाले म्हणून भलत्या जागी बसवण्याचा मोह टाळावा.

डीबी३ डायॅक मीटरवर दोन्ही दिशांना तुटलेलाच दिसतो, कारण तो सुमारे ३२ व्होल्टला उघडतो. त्यासाठी वेगळी मांडणी केली. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या मालिकेत जोडून ४५ व्होल्ट घेतले, १०० किलोओहममधून बल्बातलाच ४.७ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर भरू दिला आणि त्याला समांतर डायॅक, १ किलोओहम आणि साधा एलईडी अशी मालिका लावली. कंडेन्सर ३२ व्होल्टच्या आसपास पोहोचला की डायॅक उघडतो, एलईडी लुकलुकतो, प्रवाह संपताच डायॅक बंद होतो आणि कंडेन्सर पुन्हा भरू लागतो. चांगला डायॅक सेकंदाला साधारण दोनदा लुकलुकवतो. गणपतीच्या आरासीत मुलांना हीच मांडणी दाखवता येईल असे भाच्याने सुचवले. ४५ व्होल्टच्या तारा उघड्या राहणार नाहीत, या अटीवर होकार दिला आहे.

१३ जुलै २०२४ : चकतीवरून एलईडी काढणे

ॲल्युमिनियमची चकती सोल्डरिंग आयर्नची उष्णता क्षणात पसरवून टाकते, त्यामुळे टोकाने एलईडी सोडवणे अशक्यप्राय आहे. खालून सबंध चकती तापवावी लागते. जुना, आता स्वयंपाकात न वापरला जाणारा लोखंडी तवा विजेच्या शेगडीवर ठेवला आणि त्यावर चकती. शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते, शिसेविरहित सोल्डर २१७ च्या पुढे. त्यामुळे चकतीनुसार वेळ बदलतो. सोल्डर चमकू लागताच एलईडी चिमट्याने सरळ वर उचलायचा. पिवळ्या मऊ पृष्ठावर दाब देऊ नये, खालचे सोन्याचे तंतू तुटतात. धुरामुळे हे कामही खिडकीपाशीच.

चकतीवरचे तांबे कापून एलईडी जागेवरच वेगळे करण्याचा पर्यायही विचारात घेतला होता. तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्यामधला रोधक थर इतका पातळ असतो की पाते जरा खोल गेले तरी दोन्ही एकमेकांना टेकतात, म्हणून तो सोडून दिला.

२१ जुलै २०२४ : जुळणी

दिव्यासाठी ड्रायव्हर गेलेल्या एका ९ वॅटच्या बल्बातील ९ एलईडी निवडले. प्रत्येकी ९ व्होल्ट आणि एकूण मालिका ८१ व्होल्ट. मूळ बल्बात त्यांतून ११० मिलिअँपिअर वाहत असत. बॅटरी १२ व्होल्टची असल्यामुळे मालिकेचा प्रश्नच नव्हता. नऊही एलईडी समांतर, आणि प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर. सर्वांना मिळून एकच रेझिस्टर लावल्यास ज्या एलईडीला किंचित कमी दाब लागतो तो जास्त प्रवाह ओढतो, अधिक तापतो आणि आणखी ओढू लागतो.

धन तारेत सीएफएलमधून काढलेला एक १एन४००७ मालिकेत घातला आहे. अंधारात, ओल्या हातांनी चिमटे उलटे लावले जाण्याची शक्यता गृहीत धरलेली बरी. त्या वेळी एलईडीवर उलटा दाब येऊ नये म्हणून हा पहारा आहे. त्याच्यावर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी १२.६ व्होल्टवर असताना ११.९ उरतात, कमी प्रवाहावर एलईडी सुमारे ८.६ घेतो, आणि उरलेल्या ३.३ व्होल्टसाठी १२० ओहम घेतल्यास प्रत्येक एलईडीतून साडेसत्तावीस मिलिअँपिअर जातात. बॅटरी चार्जरवर १४.४ पर्यंत चढलेली असताना दिवा चालू राहिला तरी प्रवाह ४१ च्या आसपास आणि रेझिस्टरवर ०.२ वॅट, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो, पण तो बराच तापेल म्हणून अर्ध्या वॅटचे घेतले. एकूण प्रवाह पाव अँपिअर, म्हणजे सुमारे ३ वॅट.

मूळ प्रवाहाच्या चौथ्या हिश्श्यावर चालणारे एलईडी जेमतेम कोमट होतात. दर वॅटमागे प्रकाशही त्यांतून आधीपेक्षा अधिक मिळतो, कारण कमी प्रवाहावर आणि कमी तापमानात एलईडीची कार्यक्षमता वाढते. त्याच रिकाम्या चकतीची पाठ पॉलिश पेपरने घासून तिच्यावर रोधक पट्टी चिकटवली आणि एलईडी तांब्याच्या अरुंद पट्ट्यांवर बसवले. मूळ बल्बाचे पांढरे झाकण वर बसवल्यावर दिव्याचा प्रकाश डोळ्यांना टोचत नाही.

३ ऑगस्ट २०२४ : जांबोटीला चाचणी

पंपाच्या तळाचे झाकण उघडून बॅटरीची टोके बाहेर काढली आणि दिवा जोडला. मोजलेला प्रवाह हिशेबाच्या अगदी जवळ आला. स्वयंपाकघरात ताटातले वेचता येईल आणि गोठ्यात दावे सोडता येईल एवढा प्रकाश पडतो. वाचनासाठी दिवा जवळ घ्यावा लागतो. ८ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरायची असे धरले तरी सोळा तास मिळतात.

बॅटरी उतरत जाते तसा दिवाही हळूहळू मंदावतो. साडेअकरा व्होल्टला प्रत्येक एलईडीतून १९ मिलिअँपिअरच जातात. शिसे-आम्लाची बॅटरी त्याखाली ओढणे तिच्या आयुष्याला घातक असते, आणि माणसाच्या डोळ्याला एवढी सावकाश होणारी घट कळत नाही. मामांनी विचारले, "बाळ, मग मला कसं समजायचं बॅटरी संपत आली ते?" प्रश्न रास्त आहे. तूर्त दोन संध्याकाळींनंतर चार्ज करण्याचा नियम ठरवून दिला आहे. पुढच्या खेपेला तेथे व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर बसवीन. तो नवाच विकत घ्यावा लागेल, बल्बांत तसा काही भाग नसतो.

१८ ऑगस्ट २०२४ : उरलेले

निकामी कंडेन्सर, जळालेले एलईडी आणि ड्रायव्हरच्या उघड्या पट्ट्या ई-कचऱ्याच्या खोक्यात नळ्यांशेजारी ठेवल्या. ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि पितळी टोप्या स्वच्छ असल्यामुळे भंगारात चालतात. फिल्म कंडेन्सर, डायोड, डायॅक व फेराइटच्या कड्या मूल्य लिहून डब्यांत गेल्या. १३००३ च्या प्रत्येक पुडीवर पायांचा क्रमही लिहिला आहे.

मामांनी गोठ्यासाठी दुसरा दिवा मागितला आहे. त्याची जुळणी पहिल्यासारखीच राहील, फक्त बॅटरीच्या धन टोकाजवळ १ अँपिअरचा फ्यूज घालायचा आहे. गोठ्यापर्यंत तार लांब जाणार, ती उंदरांनी कुरतडली तर शॉर्ट होणाऱ्या जागी बॅटरी कितीतरी अँपिअर ओतू शकते, आणि तेथे कडब्याची गंजी आहे. पहिल्या दिव्यालाही पुढच्या फेरीत तोच फ्यूज बसवायचा आहे. सीएफएलमधले फ्यूज-रेझिस्टर या कामाला चालणार नाहीत, कारण त्यांचा १० ओहमचा रोध पाव अँपिअरवर अडीच व्होल्ट खाऊन टाकील. काचेचा साधा फ्यूज आणि त्याचा होल्डर खडेबाजारातून आणायचा आहे.